पारसिक हिल, ऑक्टोबर हीट आणि जिनीची जीभ

नवी मुंबईत कुत्र्याला घेऊन थोडं चढाचं चालायचं असेल तर मला बेलापूरचा पारसिक हिल सगळ्यात आवडतो. सीबीडीच्या बाजूने डांबरी रस्ता वर चढतो, भल्या सकाळी गाड्या कमी असतात, झाडं आहेत, आणि वर पोचलं की एका अंगाला खाडी नि पाम बीचच्या बाजूच्या इमारती दिसतात, दुसऱ्या अंगाला खारघरचे डोंगर. हीच रांग उत्तरेला पार मुंब्र्यापर्यंत जाते, १९१६ सालचा पारसिक बोगदा तिच्याच पोटातून गेलाय.

या वेळी गेलो ते ऑक्टोबरात. सोबत आमची जिनी, चार वर्षांची लॅब्रेडोर, आणि शेजारचे काका त्यांच्या बंटीला घेऊन. बंटी पग आहे. उजाडायच्या आतच गाडी खाली लावली आणि चालायला लागलो, कारण ऑक्टोबर हीटमध्ये इथे सात-साडेसातलाच घाम निथळायला लागतो, आणि खरा त्रास नुसत्या उन्हाचा नाही, दमटपणाचा आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजातून थोडासा येतो तेवढाच, बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, म्हणजे जिभेवरचं, तोंडातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि तो गार होतो. हवाच ओली असली की ते पाणी उडत नाही. म्हणून पुण्याच्या कोरड्या सकाळी जेवढं चालवता येतं तेवढं इथे खाडीकाठी चालवायचं नाही, घड्याळात तेवढीच मिनिटं झाली असली तरी.

पहिल्या वळणापाशीच बंटीचा श्वास घरघरायला लागला. "काका, उचला आता त्याला," मी म्हटलं. काका म्हणाले, "अगं आत्ता तर निघालोय, शेपटी बघ कशी हलतेय." शेपटी हलत होती हे खरंच, पण शेपटीवरून दमल्याचा अंदाज घ्यायचा नसतो, जीभ बघायची. पगचं नाक चपटं, आत हवेची वाट अरुंद, त्यामुळे त्याला धापा टाकायलाच कष्ट पडतात आणि त्या कष्टाने अंग अजून तापतं. काकांनी त्याला कडेवर घेतलं, पाणी पाजलं, आणि उरलेला चढ बंटी साहेबांसारखा वरून बघत आला.

जिनीचं वेगळं. लॅबला कुठे थांबायचं ते कळत नाही, निदान मालक पुढे चालत असेल तोवर तरी नाही. ती आपल्यासाठी चालत राहते, आणि मला वाटतं हेच प्रत्येक कुत्रेवाल्याने मनात पक्कं धरायला हवं, की तो चालतोय याचा अर्थ त्याला झेपतंय असा होत नाही. मी तिच्याकडे सारखी बघत असते. निघताना ती पुढे होती, लीश ताणलेली. अर्ध्या वाटेवर लीश सैल पडली, ती माझ्या पायाशी आली, ही पहिली खूण. मग वास घेणं थांबलं. ज्या कुत्रीला प्रत्येक खांब हुंगायचा असतो ती सरळ समोर बघून चालायला लागली की समजायचं अंगातली ताकद फक्त पाय उचलायला उरलीय. आणि मग जीभ. साध्या धापेत जीभ बाहेर असते पण आटोपशीर असते, जास्त झालं की ती लांब लोंबते, टोकाला उलथन्यासारखी पसरट होते, कडा वर वळतात. जिनीची टोकाला रुंद व्हायला लागली आणि मी तिथेच सावलीत बसकण मारली. माथा थोडाच राहिला होता. काका म्हणाले, "आलोच आहोत, वर जाऊन बसू की." पण उतार उतरायला पाय तिचेच लागणार होते आणि सूर्य चढत होता, म्हणून नाहीच गेलो.

बसल्यावर मी दोन गोष्टी बघते. हिरड्या गुलाबी आहेत का आणि लाळ पातळ आहे का. हिरड्या लालभडक किंवा उलट पांढुरक्या, लाळ घट्ट चिकट तारेसारखी, आवडता खाऊ समोर धरला तरी तोंड फिरवणं, हाक मारल्यावर न बघणं, चालताना झोकांडी जाणं, उलटी, यातलं काही दिसलं तर तो नुसता दमलेला नाही, उष्माघात सुरू झालाय. कुत्र्याचं साधं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या आसपास गेलं की जिवाशी खेळ. तेव्हा आधी भरपूर साधं पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा, आणि मग लगेच व्हेट. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आतच धरतो. लॅबमध्ये अजून एक आनुवंशिक त्रास असतो, पाच-पंधरा मिनिटं जोरात पळाल्यावर मागचे पाय लटपटायला लागतात, असं कधी दिसलं तर पळवणं तिथेच बंद आणि व्हेटला सांगून जीन टेस्ट करून घ्या.

जिनीची जीभ काही मिनिटांत आत गेली, पाणी प्यायली, उठून अंग झटकलं. मग उतरलो, कडेच्या मातीवरून, कारण डांबर तापायला लागलं होतं. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सहन होत नसेल तर पंजालाही होत नाही.

खाली एक मुलगा स्कूटरवरून हस्की पळवत होता, लीश हँडलला. जीव तुटला माझा. त्या केसाळ जनावराला थांबायचं असलं तरी थांबताच येत नव्हतं. मी त्याला थांबवून सांगितलं, "बाळा, खाली उतर आणि त्याच्या स्पीडने चाल, जीभ बघ त्याची." उतरला तो, पाणी पाजलं त्याने.

दमणूक कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसते. त्या संध्याकाळी मी जिनीचे पंजे बघितले, गादी सोललीय का, एकच पंजा सारखा चाटतेय का. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेत का, सोफ्यावर चढायला कांकू करतेय का तेही बघितलं. असं असेल तर पुढचा वॉक फक्त शी-शूपुरता. आणि मोठ्या चालण्यानंतर शू कोकसारखी गडद दिसली तर स्नायूंना इजा झालेली असू शकते, त्यात संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही, तडक दवाखाना. जिनी मस्त होती, नाश्त्याला भांडं चाटून पुसून साफ. माथ्यापर्यंत आता डिसेंबरात जाऊ, बंटीला घेऊनच, काकांनी त्याच्यासाठी पाठीवरची बॅग मागवलीय.