आई, सिम्फनी आणि पांढरी सहा

ऑगस्ट लागला की घरातले सगळे गणपतीच्या मागे आणि मी एनसीपीएच्या, म्हणजे नरिमन पॉइंटच्या त्या कलाकेंद्राच्या, बुकिंगच्या मागे. सप्टेंबरचा सीझन. आपल्या मुंबईची सिम्फनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, नाव देशाचं असलं तरी घर इथेच, वर्षातून दोनदा पूर्ण ताकदीने वाजते, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा सप्टेंबरात. मधल्या काळात थोडे लोक इथेच असतात, ते छोटे छोटे कार्यक्रम करतात, लहान मुलांना शिकवतात. बाकीचे वादक सीझनपुरते बाहेरून येतात, कझाकस्तानातून वगैरे, रिहर्सल करतात, वाजवतात आणि परत जातात. म्हणजे हापूससारखंच, आला तेव्हा खाल्ला नाही तर बसा वाट बघत.

मला एवढं ज्ञान आहे असा गैरसमज नको, मी जायला लागले ते ऑफिसमधल्या एकीने शेवटच्या क्षणी टांग दिली आणि तिचं तिकीट मला मिळालं म्हणून. पण त्यानंतर चटक लागली आणि एका वर्षी आईला घेऊन गेले, खरी गंमत ती आहे.

आई सवाई गंधर्वला जाऊन आलेली, जन्म गिरगावातला, पेटी शिकलेली. तिचं म्हणणं, कागद बघून वाजवतात त्यात काय गाणं. तरी आली, शाल घेऊन, कारण एसीबद्दल मी आधीच सांगितलं होतं. जमशेद भाभा थिएटर, १९९९ साली उघडलेलं, ११०९ सीट्स, होमी भाभांच्या भावाच्या नावाचं. आईने पायऱ्या, झुंबर, लोकांच्या साड्या सगळं बघून घेतलं आणि बसल्यावर पहिला प्रश्न, "तानपुरा कुठाय?"

तेवढ्यात ओबोवाल्याने, ओबो म्हणजे फुंकून वाजवायचं एक वाद्य, एक लांब सूर धरला आणि सगळे त्याच्यावर आपापली वाद्यं लावायला लागले. मी म्हटलं आई, या सुराला इंग्रजीत ए म्हणतात, याच्यावर सगळे जुळवतात. आईने डोळे मिटले, गुणगुणली आणि म्हणाली, "म्हणजे पेटीची पांढरी सहा. आणि ही सनईच आहे की गं." मला तेव्हा माहीत नव्हतं, घरी येऊन बघितलं तर खरंच, ओबो काय नि सनई काय, फुंकायला दोघींनाही दुहेरी पत्ती, एकाच खानदानातल्या. मी तीन-चार सीझन बघून जे शिकले नव्हते ते हिने दोन मिनिटांत.

त्या दिवशी बीथोवनची पाचवी सिम्फनी होती. मी आधीच बजावलेलं, चार भाग आहेत, मधे टाळ्या नाहीत, वा नाही, क्या बात है तर अजिबात नाही, चौथा संपला की मग. आई बोटांवर मोजत बसली. पण तिचं अर्धं लक्ष मागे बसलेल्या ट्रॉम्बोनवाल्यांकडे, लांब पितळी वाद्यवाले ते. तिघं हातावर हात ठेवून बसलेले, पहिला भाग गेला, दुसरा गेला, हे ढिम्म. शेवटी न राहवून कानात, "ही माणसं तिकीट काढून आलीयत का?" आता बीथोवनने त्यांना चौथ्या भागातच काम दिलंय हे मी तिला कसं सांगणार, पुढच्या रांगेतल्या काकांनी आधीच एकदा मान वळवून बघितलं होतं. आणि घोळ असा की तिसरा भाग न थांबता सरळ चौथ्यात शिरतो, त्यामुळे सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतोय आणि आई तीन बोटं धरून शांत बसलेली, अजून एक राहिलाय म्हणून.

लोकलमध्ये मात्र तिने एक गोष्ट सांगितली जी मी बघितलीच नव्हती. व्हायोलिनवाल्या दोघांत स्वरलिपीच्या कागदांचा एकच स्टँड, आणि पान उलटायचं आलं की आतल्या बाजूचा वाजवणं सोडून पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. "बिचारा, त्याच्या वाटचे सूर कोण वाजवतं?"

ही ऑर्केस्ट्रा सुरू झाली २००६ मध्ये, त्याआधी एनसीपीएच्या खुश्रू सनटूक यांनी लंडनमध्ये मरात बिसेनगालिएव या कझाक व्हायोलिनवाल्याला ऐकलं आणि इकडे बोलावलं. पण शहराला ही हौस जुनी. मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी काढलेली. आणि वाजवणारे गोव्याचे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेले लोक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. हे एवढे नोटेशन वाचणारे आपल्याकडे होते, मग आजही निम्म्याहून जास्त खुर्च्या बाहेरच्यांनी का भरायच्या, हे मला खटकतं. इथे मुलं शिकतायत आता, पण व्हायोलिनवाला काही दोन वर्षांत तयार होत नाही, त्यामुळे कुरकुर करून उपयोग नाही हेही कळतं.

एक चुटपुट आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये याच ऑर्केस्ट्राबरोबर झाकीरभाईंनी तबल्याचा कॉन्चेर्टो केला होता, म्हणजे एक वाद्य पुढे आणि सोबत ऑर्केस्ट्रा, नाव पेशकार. आईला चाललं असतं ते पहिल्या घासाला. तेव्हा मी ऑफिसचं काम आहे म्हणून गेले नाही, परत होईल की असं वाटलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले.

तर यंदा आळस नाही. बुकिंग उघडलं की लगेच तिकिटं घ्यायची, मागची सीट चालेल पण बाल्कनी हवी कारण वरून सगळे दिसतात. काल आईला फोन केला, म्हटलं सप्टेंबरची येतेस ना, गणपतीचं बघून ठरवू. हो म्हणाली, शाल काढून ठेवते म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता, "त्या रिकाम्या बसलेल्या तिघांना यंदा तरी काम आहे का ते आधी बघून घे."