कोयनेच्या पाण्यामागून थेट दर्यापर्यंत

कराडच्या कुणालाही विचारा, कोयना कुठं जाते? तो प्रीतिसंगमाकडं बोट दाखवेल. कृष्णेला समोरासमोर भिडते आणि तिच्याबरोबर पुढं निघून जाते, एवढंच आपल्याला ठाऊक. पण धरणात अडलेलं बरंचसं पाणी संगमावर येतच नाही. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीला वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. धरण 105 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि त्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असं पश्चिमेला सोडायला कृष्णा पाणीतंटा लवादाची मुभा आहे. माझ्या मामांची निम्मी नोकरी कोयना वीजप्रकल्पाच्या अलोऱ्याच्या वसाहतीत गेली. हे पाणी समुद्राला मिळतं ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, असं त्यांच्या मनात फार दिवस होतं.

कोजागिरीनंतरची वद्य तृतीया धरून पहाटेच कराड सोडलं. तिथी मामांनीच ठरवलेली. पाटणपर्यंत उसाच्या फडांतून रस्ता, पुढं भातखाचरं. कोयनानगरला चहा घेताना मामा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचं सांगत होते. भूकंप झाला तेव्हा ते लहान होते, पण ती थंडी आणि अंगणात काढलेल्या रात्री त्यांना अजून आठवतात.

कुंभार्ली घाटात धुकं होतं. माथ्यावर ते जरा हटलं आणि खाली पोफळीकडं उतरत जाणाऱ्या विजेच्या मनोऱ्यांची रांग दिसली. "आपण गाडीनं उतरतोय, आणि पाणी आपल्या शेजारनंच डोंगरातून उतरतंय बघ," मामा म्हणाले. उतारही थोडाथोडका नाही, साडेचारशे मीटरहून जास्त. चिपळूणच्या पुलावर त्यांनी गाडी हळू करायला लावली. भर उन्हाळ्यातही वाशिष्ठी इथं कोरडी पडत नाही, ती या पाण्यामुळं.

चिपळूण ते गुहागर फार रेंगाळलो नाही. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घेतलं, सुरूच्या बनातून पुळणीवर एक चक्कर मारली आणि दक्षिणेला वळलो. खरा प्रवास पालशेत ओलांडल्यावर सुरू होतो. सड्यावर वाळायला लागलेलं गवत, मध्येच जांभ्याची चिऱ्याची खाण, आणि एखाद्या वळणावर अचानक खाली निळा समुद्र. बुधलला उतरणारा रस्ता अरुंद आणि तीव्र उताराचा. समोरून गाडी आली तर एकाला मागं जावंच लागतं. खाली कोळ्यांची घरं, ओढून ठेवलेल्या होड्या आणि छोटीशी पुळण. आमच्याशिवाय बाहेरचं कुणी नव्हतं. एक आजी सुकट पसरत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "खयसून इलात?" कराड म्हटल्यावर म्हणाल्या, "घाटावरचे!" आणि प्यायला पाणी दिलं.

वेळणेश्वरला फोन करून सांगून ठेवलेलं जेवण उरकलं आणि दोनच्या आत हेदवीला पोचलो. तिथीचं गणित इथल्यासाठी होतं. तिथीला तीननं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ येते. तृतीयेला साधारण सव्वादोन. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला ती नुसती फट. आता मात्र लाट आत घुसताना आधी फुसफुस ऐकू यायची, मग क्षणभर काहीच नाही, आणि एकदम पायाखालचा कातळ दणकून पांढरा फवारा आमच्या डोक्यावरून वर जायचा. खाली येताना मोटेचं पाणी थारोळ्यात कोसळावं तसा आवाज. प्रत्येक लाट एवढी चढत नाही. चार-पाच लाटा जेमतेम येतात आणि मग एक अशी येते की चष्म्यावर मीठ जमतं. कडेला कालवांची टरफलं कातळाला घट्ट चिकटलेली, आणि फवारा ओसरला की लगेच बाहेर डोकावणाऱ्या कुर्ल्या. कातळ शेवाळानं निसरडा आहे. कृपा करून फोटोसाठी घळीच्या तोंडाशी जाऊ नका. तिथून पाय घसरला तर वर यायला काही आधार नाही.

मग पुन्हा उत्तरेला, अंजनवेलला. गोपाळगडाचा कातळात खोदलेला खंदक बघून आम्ही खाडीच्या अंगाला आलो. पलीकडं दाभोळ, आणि मध्ये खाडीचं मुख. ओहोटी लागलेली होती, त्यामुळं गढूळ हिरवं पाणी बाहेर निघालेलं स्पष्ट दिसत होतं. निळ्या पाण्याशी त्याची कड वेगळी ओळखू येत होती. मामा बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या मशिनीतनं गेलेलं पाणी हाय हे."

परतीला घाट रात्री चढावा लागला. ट्रक पुष्कळ असतात, तेव्हा शक्य असेल तर चिपळूणला मुक्कामच करा. जायचं तर पाऊस संपल्यावर, आणि तिथी बघून. पेट्रोल शृंगारतळीलाच भरून घ्या, पुढं किनाऱ्याच्या रस्त्याला पंपाच्या भरवशावर राहू नका. आणि वेळ हाताशी असेल तर धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळला उतरा. ते आमचं राहून गेलंय आणि दिवाळीनंतर मामींनाही घेऊन जायचं ठरलंय.