‘नाकारलं’ असं मी लिहिलं होतं

काकूंच्या रेकॉर्डमध्ये मी माझ्या हाताने एक कोड टाकला आहे: सोशल प्रिस्क्रायबिंग देऊ केलं, रुग्णाने नाकारलं. पुढे तारीख आणि माझं नाव. ती ओळ अजून तिथेच आहे आणि माझ्या डोक्यातून जात नाही. काकूंना विचारून, त्यांची ओळख पटेल असं सगळं बदलून हे लिहिते आहे.

मी इंग्लंडमध्ये जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, लिंक वर्कर आहे. एकटेपणा, कर्ज, ओलसर घर, दिवसेंदिवस एकाच खुर्चीत बसून राहणं, अशा गोष्टींवर डॉक्टरांकडे गोळी नसते. असे रुग्ण आमच्याकडे येतात. बागकामाचा गट, कर्जाचा सल्ला, चालण्याचा गट, ज्याला जे लागेल तिथपर्यंत आम्ही त्याला पोचवतो. यालाच सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. जानेवारी २०१९ च्या एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दीर्घकालीन आराखड्यात एक हजाराहून जास्त लिंक वर्कर नेमायचं ठरलं, तेव्हापासून ही नोकरी सगळीकडे दिसू लागली. डॉक्टरांना एका रुग्णासाठी दहा मिनिटं मिळतात, मला पहिल्या भेटीला जवळजवळ तास मिळतो. माझ्या नोकरीत खरी ताकद कशात असेल तर त्या तासात. आणि काकूंच्या बाबतीत तोच मी वाया घालवला.

डॉक्टरांनी पाठवलेल्या रेफरलमध्ये दीड ओळ होती. वय ६९, मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, घराबाहेर पडत नाहीत, चालण्याच्या गटात घालावं. मराठी बोलणारी म्हणून केस माझ्याकडे आली. पहिल्या भेटीला मुलगा सोबत होता. अतिशय भला माणूस, अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला. मी काकूंना मराठीत विचारायचे आणि उत्तर तो द्यायचा. “आईचे गुडघे दुखतात. तिला थंडी सोसत नाही.” काकू मान डोलवायच्या. मलाही ते सोयीचं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. गटाचा दिवस, वेळ, पार्कच्या कोणत्या फाटकापाशी जमायचं, सगळं लिहून दिलं. काकू पहिल्या आठवड्यात गेल्या नाहीत, दुसऱ्याही नाहीत. फोन केला तर मुलानेच उचलला. “आईची इच्छा दिसत नाही हो.” मी आभार मानले आणि तो कोड टाकला. यादीत पुढचे लोक थांबलेले होतेच.

अडीच महिन्यांनी साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा तेच रेफरल पाठवलं, तोच मजकूर. या वेळी मी मुलगा आणि सून कामावर असताना घरी जायची परवानगी मागितली. फार काही सुचलं होतं म्हणून नव्हे. सर्जरीत खोली मोकळी नव्हती.

काकूंनी चहा केला. मी म्हटलं, “काकू, त्या पार्कपर्यंत आपण दोघीच जाऊन येऊ या का? गट नको, कोणी नको.” त्या म्हणाल्या, “चल, बघू.” निघण्याआधी आत जाऊन आल्या. दारापर्यंत आल्या आणि पुन्हा आत जाऊन आल्या. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

त्या चालत होत्या बऱ्या. तीन-चार मिनिटांत माझा वेगही त्यांनी गाठला. पार्कचं फाटक समोर दिसायला लागलं तशा त्या थांबल्या, एका कुंपणाचा गज धरला आणि एक पाय दुसऱ्यापुढे घट्ट ओढून उभ्या राहिल्या. “परत जाऊ या गं.” मला वाटलं, गुडघा. हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. आणि परतताना त्या येतानापेक्षा भरभर चालल्या. ज्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी दोन ठिकाणी लिहिलं होतं, त्यांच्या मागून मला जवळजवळ धावावं लागलं.

घरात शिरल्या त्या थेट आत. बाहेर आल्या तेव्हा अंगावरचा हिरवा पंजाबी ड्रेस जाऊन निळा आला होता. मी काही बोलले नाही. पाच-सात मिनिटं आम्ही दोघी नुसत्या बसलो. मग त्याच म्हणाल्या, “सहा वर्षं झाली याला. खोकलं की होतं, शिंकलं की होतं. कधी नुसती घाई लागते आणि धीर धरवत नाही.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“कसं सांगणार? मधे पोरगा बसलेला असतो.”

बाहेर जायचं असेल त्या दिवशी त्या रक्तदाबावरची लघवी वाढवणारी गोळी घेत नव्हत्या. सकाळपासून पाणीही पीत नव्हत्या. डॉक्टरकडे जाणं हेही बाहेर जाणंच. म्हणजे रक्तदाब मोजायचा, त्या प्रत्येक दिवशी त्यांनी गोळी टाळलेली असायची. आकडा वाढलेला दिसला की वहीत लिहिलं जायचं, हालचाल वाढवा.

आमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, चांगल्या आहेत त्या. पण घरातल्या माणसाला दुभाषा करायचं नाही, हे एनएचएसच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे आणि फोनवर दुभाषा मिळतोही. तो जोडायचा तर दहातली तीन मिनिटं तिथेच जातात, आणि समोर मुलगा छान इंग्रजी बोलत असतो. म्हणून सगळेच ते चालवून घेतात. मला तर दुभाष्याचीही गरज नव्हती, तरी मी चालवून घेतलं.

औषधाबद्दल बोलणं माझं काम नाही. काकूंची संमती घेऊन डॉक्टरांना कळवलं. पुढच्या भेटीत डॉक्टर, काकू आणि फोनवर दुभाषी बाई, एवढ्याच होत्या. लघवीची तपासणी झाली, फार्मासिस्टने गोळ्या पाहिल्या, आणि काकूंना ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ते स्नायू एका वेळी निदान आठदा आवळायचे, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. काकूंनी ते देवपूजेच्या वेळांना बांधून टाकले आणि एकदाही चुकवले नाहीत.

माझ्या वाट्याचं काम रस्त्याचं होतं, आणि ते मी मन लावून केलं. लोकांना वाटतं, चालायला रस्ता लागतो. काकूंच्यासारख्या बाईला स्वच्छतागृहांची साखळी लागते. इथे सार्वजनिक स्वच्छतागृहं ठेवण्याचं कायदेशीर बंधन कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, नाही, त्यामुळे पैसे कमी पडले की पहिलं कुलूप त्यांनाच लागतं. व्यायामाचं महत्त्व सांगणारी पत्रकं छापली जातात, पण ती वाचून बाहेर पडलेल्या बाईने जायचं कुठे, याचा विचार त्यात नसतो. मी दोन दुपारी घड्याळ लावून काकूंच्या वेगाने तीन वाटा चालले. घर ते लायब्ररी सात मिनिटं, आत स्वच्छतागृह, दहाला उघडते. लायब्ररी ते सुपरमार्केट सहा मिनिटं, मधे दोन बाकं. पार्कमधलं साधं स्वच्छतागृह बंद होतं, पण अपंगांसाठीचं चालू, तेही कुलपात. त्याला रडार की लागते. १९८१ पासून देशभर चालणारी योजना आहे ही: एकच मोठी धातूची किल्ली, अशी हजारो कुलपं उघडणारी. काकूंना ती मिळवून दिली. त्यांनी ती घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. पहिल्यांदा ते दार उघडलं तेव्हा आत गेल्याच नाहीत. पुन्हा लावलं, पुन्हा उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, “चल पुढे.”

बारा आठवड्यांनी आढावा होता. माणूस किती हालचाल करतो ते ठरवायला आम्ही जी प्रश्नावली भरतो तिचं नाव जीपीपॅक. काकू आता आठवड्यातले पाच दिवस बाहेर पडतात, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीने. आठवड्याला २०० मिनिटं. सरकारी शिफारस मध्यम श्रमाच्या १५० मिनिटांची आहे. मी एकेक उत्तर भरलं आणि निकाल आला: निष्क्रिय. पहिल्या भेटीला होता तोच.

याचं कारण बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. त्या प्रश्नावलीत चालण्याचा प्रश्न आहे, घरकाम आणि मुलं सांभाळण्याचा आहे, बागकामाचाही आहे. पण ही उत्तरं पुरेशी भरवशाची नसतात म्हणून निकालात धरली जात नाहीत. निकाल लागतो नोकरीतले श्रम, व्यायाम आणि सायकल यांवर. निवृत्त बाई, सायकल नाही, जिम नाही, तर निष्क्रिय. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. आमच्या क्षेत्रात हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं. ते कंडक्टर काही व्यायाम करत नव्हते, कामावर होते. काकूही चार माणसांचा स्वयंपाक आणि नातवाचं सगळं उभ्याने करतात, पण त्याला पगार नाही, म्हणून नोकरीच्या रकान्यात ते बसत नाही.

मी खाली मोकळ्या जागेत मिनिटं लिहिली, किल्लीचंही लिहिलं. महिन्याच्या तक्त्यात ती जागा कोणी उघडत नाही. तिथे रेफरल किती, संपर्क किती, ‘निष्क्रिय’मधून वर किती गेले, एवढेच रकाने आहेत. काकू त्यात कुठेच वर गेलेल्या नाहीत. व्यवस्थापकांना हे सांगितलं तर म्हणाले, प्रश्नावली तपासून घेतलेली आहे. ते खरंच आहे. हजारो लोकांचा कल पाहायला ती चालतही असेल. मला मात्र समोरच्या एका बाईला निकाल सांगायचा होता. तो मी सांगितला नाही. त्यांनी विचारलं, “पास झाले का?” मी “हो” म्हटलं. ते योग्य होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

परवा मी रेकॉर्डमध्ये शोधून पाहिलं: माझ्या नावावर, गेल्या वर्षभरात, ‘नाकारलं’ हा कोड किती जणांपुढे आहे. सव्वीस. त्यांतल्या अकरा जणांच्या वतीने ‘नाही’ घरातलं दुसरंच कोणीतरी म्हणालं होतं. त्या अकरांना पुन्हा फोन करायला घेतलेत. पहिला फोन एका आजींच्या मुलीने उचलला आणि म्हणाली, “मला सांगा, मी विचारते तिला.”

मी म्हटलं, “त्यांनाच द्या ना फोन. मी थांबते.”