लिव्हिंग विल करताना: मसुदा, नोटरी आणि वॉर्ड ऑफिसची पोच

लिव्हिंग विल, म्हणजेच आगाऊ वैद्यकीय निर्देश: स्वतः निर्णय घेता येणार नाही तेव्हा कोणते जीवरक्षक उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला दस्त. त्यात 'मला व्हेंटिलेटर नको' एवढं एकच वाक्य लिहून नोटरीकडे जाणारे बरेच असतात. असं वाक्य लिहू नका. न्युमोनिया, डेंगी, सर्पदंश किंवा मोठ्या ऑपरेशननंतर माणूस काही दिवस व्हेंटिलेटरवर राहतो आणि मग स्वतःच्या पायांनी घरी जातो. सरसकट नकार वाचला की डॉक्टर कागद बाजूला ठेवतात. घाबरट डॉक्टर असेल तर तो नकार नको तिथे पाळूनही टाकतो. मसुद्यात आधी परिस्थिती यायला हवी, मग उपचार.

माझ्या कागदात परिस्थिती तीन आहेत. बरा न होणारा आजार शेवटच्या टप्प्यात असणं. मेंदूला अशी इजा की शुद्धीवर येण्याची वाजवी आशा उरलेली नाही. आणि स्मृतिभ्रंश इतका पुढे गेलेला की माणसं ओळखू येत नाहीत, घास गिळता येत नाही. तिन्हींना एक सामायिक अट: मी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हाच. बोलता येतंय तोवर कागद लागूच होत नाही, माझं तोंडी म्हणणं चालतं. हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

त्यानंतर उपचारांची नावं, एकेक करून. सीपीआर (थांबलेलं हृदय छाती दाबून सुरू करणं), श्वासनळीतली नळी, ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट), डायलिसिस, बीपी टिकवून धरणारी ठिबक औषधं, नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न, पुन्हा पुन्हा आयसीयूत भरती. 'कृत्रिम साधनांनी जगवू नये' असं मोघम लिहिलं तर डायलिसिस त्यात येतं का यावरून आयसीयूच्या दारात भांडणं होतात. निदानच पक्कं नसेल तर काय, यासाठी मी एक वाक्य जोडलं आहे: उपचार ठरावीक मुदतीसाठी सुरू करावेत, मुदतीअखेर सुधारणा नसेल तर थांबवावेत. आयसीयूतल्या डॉक्टरांना हे वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं, कारण सुरू केलेली गोष्ट बंद करायला हात धजावत नाही. वेदनाशामक (मॉर्फीनसह), धाप कमी करणारी औषधं, तोंड ओलं ठेवणं हे सगळं शेवटपर्यंत चालू राहावं, हेही लिहिलंच पाहिजे. नाहीतर 'काही करू नका' असा अर्थ निघतो.

घरात खरी अडचण नळीच्या अन्नावर येते. व्हेंटिलेटर काढायला तयार असलेली माणसं 'उपाशी कसं ठेवायचं?' इथे अडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीतही मागणी अन्न थांबवण्याची होती आणि तिला विरोध केईएमच्या परिचारिकांनीच केला. 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली, पण जीवरक्षक उपचार काढून घ्यायला, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, वाट मोकळी केली. आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क 9 मार्च 2018 च्या घटनापीठाच्या निकालाने मिळाला. नळीबद्दल तुमचं मत काहीही असो, होकार किंवा नकार स्पष्ट लिहा. हा प्रश्न मुलांवर सोपवणं म्हणजे त्यांना आयुष्यभराची टोचणी देणं.

2018 ची प्रक्रिया कागदावर होती आणि कागदावरच राहिली. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, ती मिळवणार कोण? सर्वोच्च न्यायालयाच्याच 24 जानेवारी 2023 च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार, शक्यतो तटस्थ, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. साक्षीदार वारसांपैकी नसलेले बरे. शेजारी, जुने सहकारी चालतात. राजपत्रित अधिकारी ओळखीचा असला तरी 'हे कधी पाहिलं नाही' म्हणून मागे सरतो, त्यामुळे नोटरीच सोयीचा पडतो.

नोटरीकडे एका गोष्टीवर डोळा ठेवा. आदेशानुसार त्याने असं नोंदवायचं असतं की हा दस्त स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाशिवाय आणि परिणाम पूर्ण समजून केला आहे, याची त्याला खात्री पटली. प्रत्यक्षात तो नेहमीचा शिक्का मारून सही करतो आणि पुढचं गिऱ्हाईक बोलावतो. म्हणून हे वाक्य मसुद्याच्या शेवटी आपणच टाइप करून न्यावं आणि त्याखाली त्याची सही, शिक्का, नोटरी रजिस्टरचा अनुक्रमांक घ्यावा. प्रत्येक पानावर स्वतःची सही हवी. स्टॅम्प पेपर नोटरी सवयीने मागतात. घातल्याने काही बिघडत नाही, पण न्यायालयाने मागितला आहे तो साक्षांकनाचा मजकूर.

मसुद्यात आणखी दोन वाक्यं सुटता कामा नयेत: हा दस्त मी कधीही लेखी रद्द करू शकतो, आणि याचे परिणाम मला समजले आहेत. वेळ आली की माझ्या वतीने निर्णयाला संमती देणाऱ्यांची नावंही त्यातच. 2023 पासून एकापेक्षा जास्त नावं चालतात. मात्र 'दोघांनी मिळून' असं लिहू नका. एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असेल तर मध्यरात्री दुसऱ्याचा फोन लागेपर्यंत सगळं ठप्प. क्रम लावा: पहिली व्यक्ती उपलब्ध नसेल तर दुसरी. कायदा मागत नसला तरी त्यांच्या स्वाक्षऱ्याही खाली घेतलेल्या बऱ्या, म्हणजे 'मला माहीतच नव्हतं' ही पळवाट राहत नाही.

हा कागद मृत्युपत्राला मात्र जोडू नका. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर. अवयवदानाची नोंदही वेगळी ठेवा.

नोटरी झाल्यावर एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे दस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. मुंबईत ते काम वॉर्डच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. आवक-जावकच्या खिडकीवर मात्र 'विल ना? मग सब-रजिस्ट्रारकडे जा' असं उत्तर मिळू शकतं. तिथे वाद घालत बसू नये. वर एका पानाचं पत्र जोडावं: प्रति, वैद्यकीय आरोग्य अधिकारी, विषय, आगाऊ वैद्यकीय निर्देशाची प्रत अभिरक्षेसाठी, संदर्भ, सर्वोच्च न्यायालयाचा 24 जानेवारी 2023 चा आदेश. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे रुग्णालय खरेपणा तपासायला अभिरक्षकालाच विचारणार, आणि तो क्रमांक असला तरच कागद सापडणार. गोव्यात, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले न्या. महेश सोनक यांनी मे 2024 मध्ये असा दस्त नोंदवल्यावर तिथल्या कार्यालयांना निदान हे प्रकरण काय आहे ते कळलं.

बाकीच्या प्रती फॅमिली डॉक्टरकडे आणि नाव दिलेल्या व्यक्तींकडे द्याव्यात, शिवाय आभा खात्यात (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) पीडीएफ ठेवावी. पाकिटात एक चिठ्ठी असू द्यावी: लिव्हिंग विल आहे, अमुक नंबरवर फोन करा. कपाटाच्या लॉकरमध्ये मूळ प्रत आणि किल्ली पेशंटच्या पर्समध्ये, हा प्रकार घरोघरी दिसतो.

रुग्णालयात कागद दाखवला की लगेच नळी निघत नाही. आधी प्राथमिक मंडळ: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोघांनी मत शक्यतो 48-48 तासांत द्यायचं. मग नेमलेल्या व्यक्तीची संमती, आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. कळवायचं फक्त, त्यांची परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय आहे. गाडी अडते ती दुय्यम मंडळावर. छोट्या नर्सिंग होमला बाहेरचा नेमलेला डॉक्टर कुठून आणायचा हेच माहीत नसतं. म्हणून जिथे नेहमी जाता त्या रुग्णालयाच्या मेडिकल सुपरिटेंडंटना आधीच विचारून ठेवा: तुमच्याकडे ही दोन्ही मंडळं आहेत का?

मंडळं नसली की उरतो तो 'डामा': वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. नातेवाईक सही करतात, ॲम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत पेशंट घरी येतो, मॉर्फीन नाही, नर्स नाही. बिल झेपत नाही म्हणून निघालेले आणि पेशंटची इच्छा म्हणून निघालेले, दोघांच्या हातात तोच फॉर्म असतो. 2024 च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्य खात्याने जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत मसुदा मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा डॉक्टरांवर ताण वाढेल म्हणून आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने, हरकत घेतली. ताण आजही आहेच, फक्त तो डामाच्या फॉर्मवर सही करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर सरकवलेला आहे. लिव्हिंग विल नसलं तरी हीच दोन मंडळं कुटुंबाच्या संमतीने निर्णय घेऊ शकतात. डामाचा फॉर्म पुढे आला तर सही करण्याआधी मंडळाची मागणी लेखी द्या आणि तिचीही पोच घ्या.