पॉइंट टू टूचा नाद

पॉइंट टू टूचा, म्हणजे ०.२२ इंची बारीक नळीच्या शिकाऊ रायफलींचा, हा नाद लागला एनसीसीत. २५ यार्डांवर टार्गेट, आपण पोटावर आडवे, कोपरांना खडी टोचतेय, उस्ताद मागून ओरडतायत श्वास रोक श्वास रोक, आणि एवढ्या सगळ्यानंतर आवाज काय तर अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा, टक्! धक्का पण नाही खांद्याला. मी तिथेच खलास.

तेव्हापासून मी जुन्या ट्रेनिंग रायफली जमवतो. म्हणजे फोटो जमवतो हो, खऱ्या कुठून आणणार, लायसनवर आधी तीन हत्यारं चालायची ती २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली, दोनात कसलं कलेक्शन. आणि मिळाल्या तरी ठेवणार कुठे, आमच्या देवगडला खाऱ्या वाऱ्यात गेटची कडी दोन पावसाळे टिकत नाही.

माझी सगळ्यात लाडकी ब्रिटिशांची नंबर टू मार्क फोर. पहिल्या महायुद्धातली ली-एनफील्ड ही थोरली लष्करी रायफल घ्यायची, तिच्यात पॉइंट टू टूची बारीक नळी बसवायची, की झाली पोरांना शिकवायची रायफल. मॅगझिन दिसायला तसंच पण आतली स्प्रिंगबिंग काढून टाकलेली, गोळी एकेक हाताने भरायची आणि रिकाम्या पुंगळ्या त्या पोकळ मॅगझिनमध्ये पडायच्या. काय डोकं आहे बघा! या काडतुसाला मध्ये वेगळी कॅप नसते, बुडाच्या काठातच मसाला, पिन काठावर आपटली की उडालं, त्यामुळे पुंगळी एकदा वापरली की परत भरता येत नाही. जर्मनांची पण १९३४ ची एक आहे, त्यांच्या माऊझर या लष्करी रायफलीसारखी दिसणारी, ती सुंदर आहे पण मला तिच्याबद्दल प्रेम नाही.

घरात खरी बंदूक एकच, आजोबांची ठासणीची, शेतीसंरक्षण लायसनवाली. इलेक्शन लागलं की ती जमा करायला आणि निकालानंतर परत आणायला मीच जातो, आणि दर वेळी गंजाचा एक नवा ठिपका सापडतो, मग पडवीत बसून खोबरेल तेलाचा बोळा फिरवत राहायचं. परवा तसाच बसलो होतो, तेलकट हाताने मोबाईलवर नंबर टूचा बोल्ट झूम करून बघत, तर आजी मागून डोकावली.

"ह्या फोटवांनी वांदर पळतले काय रे?"

मागे कलमांवर ते बसलेलेच होते.