जुलाब झाले तर कामावर येऊ नका

जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या मासळी कारखान्यात रुजू होण्याआधी मला तिथल्या सरकारी आरोग्य कार्यालयात जावं लागलं. त्यांनी नियम समजावून सांगितले आणि सही घेतली. जुलाब, उलट्या, कावीळ, हाताला चिघळलेली जखम, यातलं काही असेल तर मासळीला हात लावायचा नाही. सुपरवायझरला सांगायचं आणि घर गाठायचं. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे, २००१ पासून अमलात असलेला कायदा आहे. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात आम्ही जंतू, बर्फ, तापमान, क्लोरीनचं पाणी असं सगळं घोकलं होतं. पण घरी गेलेल्या माणसाच्या त्या दिवसाच्या पगाराचं काय, हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता.

इथे त्याचं उत्तर ठरलेलं आहे. नोकरीला चार आठवडे झाले की आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो. त्यापुढे आरोग्य विमा कंपनी कपातीआधीच्या पगाराच्या साधारण ७० टक्के रक्कम देते. त्यामुळे हिवाळ्यात उलट्यांची साथ आली की आमचा सुपरवायझर स्वतःच लोकांना घरी पिटाळतो. तो फार प्रेमळ आहे असं नाही. खांद्याला खांदा लावून काम चालतं, एकाला झालं तर आठवड्यात अर्धी लाइन रिकामी होते, हे त्याला पाठ आहे.

गणपतीला मालवणला घरी गेले तेव्हा हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होते. आमची चुलत वैनी बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जाते. ती मोदक वळता वळता हसली. म्हणाली, "गो बाय, मी घराक रवलंय तर दिसाचे पैसे तुझो जर्मन शेट दितलो?"

तिला किलोवर पैसे मिळतात. सोललं तेवढंच. वैनी हातांना साबण लावते, डोक्याला टोपी घालते, बांगड्या काढून ठेवते. स्वच्छतेचं तिला कोणी शिकवायला नको. पण पोट बिघडलं म्हणून ऐन हंगामात, ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा सुरू झाल्यावर, चार दिवस घरी बसणं तिला परवडत नाही. मग ती गोळी घेऊन जाते. तिच्या हातची कोळंबी बाजारात जाते, तिथून हॉटेलात, आणि किनारा बघायला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात. पाहुणे आजारी पडले की आपण पाण्याला दोष देतो.

युरोपात सगळं आलबेल आहे असा समज नको. जून २०२० मध्ये जर्मनीतल्या ग्यूटर्सलो जिल्ह्यात एका मोठ्या कत्तलखान्यात १,५०० हून जास्त कामगारांना करोना झाला. बरेचसे कामगार रुमानिया-बल्गेरियाहून ठेकेदारामार्फत आलेले, एकेका घरात दाटीने राहणारे. कामाच्या हॉलमध्ये तीच थंड हवा फिरवलेली. तो जिल्हा आणि शेजारचा जिल्हा, मिळून सहा लाखांहून जास्त माणसं, पुन्हा टाळेबंदीत गेली. ज्यांनी कत्तलखान्याचं दारही पाहिलं नव्हतं त्यांच्या मुलांच्या शाळा बंद झाल्या. मग सरकारला जाग आली आणि २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत मुख्य कामासाठी ठेकेदारी बंद झाली.

हे वाचताना मला आमच्या आजोबांची परळची गिरणी आठवली. गावाची खोली, पाळीपाळीने झोपणारी माणसं, कामावर कापसाची धूळ. आजोबांना खोकला लागला, टीबी निघाला, तेव्हा त्यांना हवापालटासाठी गावी पाठवलं. गावची हवा चांगली होती, पण पडवीत त्यांच्या शेजारी झोपणारा धाकटा काकाही पुढे खोकू लागला. कोकणातल्या किती घरांत अशी गोष्ट असेल! मुंबईत मिळालेला आजार आम्ही गावी वाटून घेतला.

जर्मन कामगारांनाही आजारपणातल्या पगाराची ही सवलत कोणी उदारपणे दिलेली नाही. उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये, जिथे कील बंदरातल्या जहाजबांधणी गोद्या आहेत, तिथल्या धातू कामगारांनी ऑक्टोबर १९५६ पासून १६ आठवडे संप केला. मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती, आजारपणातल्या पगाराची होती. कार्यालयातल्या बाबूंना तो मिळत होता, कामगारांना नव्हता. दोघांना सारखा हक्क मिळायला १९६९ उजाडलं.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना आहे. कामाच्या जागी दहा किंवा जास्त कामगार आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. टीबीसारख्या दीर्घ आजारात त्याहूनही पुढे. पण वैनीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. शेडचा मालक म्हणतो बायका मुकादमाच्या, मुकादम म्हणतो मी नुसता माणसं आणतो. ट्रॉलरवरच्या नेपाळी खलाशांची तीच गत. आणि जो स्वतःच्या चार गुंठ्यांत लावणी करतो, त्याला लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा, ताप आला तर रजा कोणाकडे मागणार? याचं उत्तर जर्मनीकडेही धड नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याने इथेही आपली सोय आपणच पाहायची.

"असा पगार दिलो तर सगळेच घराक बसतले," असं धाकटे काका म्हणाले. (ते औषध पूर्ण करून बरे झाले, पण वादात माघार घेत नाहीत.) इथले काही बडे उद्योगपतीही हेच म्हणतात, पहिल्या दिवसाचा पगार कापा म्हणतात. सोमवारीच आजारी पडणारे दोघे आमच्या लाइनवरही आहेत. मला विचाराल तर त्या दोघांचा पगार पूर्ण लाइन बंद पडण्यापेक्षा स्वस्त पडतो.

माझं काम गुणवत्ता तपासणीचं. बाहेरून माल घेताना पुरवठादाराकडून जो फॉर्म भरून घेतो, त्यात नखं कापली आहेत का, साबण आहे का, शौचालय किती अंतरावर आहे, असे प्रश्न आहेत. मागच्या वर्षी किती कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा दिली, हा प्रश्न नाही. तो घालावा असं मी खरेदी विभागाला सुचवलं. मालाचा भाव वाढेल, असं ते म्हणाले. वाढेलच. किलोमागे किती, तो हिशोब मी सध्या वैनीला फोनवर विचारून मांडतेय.