ढेकूळ टाकून मोजलेली विहीर

मे महिन्यात आमच्या शेतातली मोटर जळाली. नवी घ्यायची तर दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती फुटांवर आहे?" आप्पा म्हणाले, "विहीर बारा परूस हाय." परूस म्हणजे पुरुषभर माप. पण ती झाली तळापर्यंतची खोली, तीही त्यांच्या वडिलांनी, आण्णांनी, सांगितलेली. उन्हाळ्यात पाणी कुठवर खाली गेलंय ते कुणीच मोजलं नव्हतं. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, मंगळवेढ्याच्या अंगाला आमची जमीन. तिथं मेमध्ये पाणी रोज थोडं थोडं उतरतं. मोटर किती हेडची, म्हणजे पाणी किती उंच चढवणारी, आणि पाइप किती, हे त्यावरच ठरतं.

मोजायला लांब सोल, म्हणजे जाड दोर, शेजाऱ्यांकडे होता आणि तो संध्याकाळी मिळणार होता. माझी लेक यंदा दहावीला. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. ती म्हणाली, "आई, दगड टाकून काढू की." सूत्र मलाही आठवत होतं: अंतर म्हणजे गुरुत्व त्वरणाचा अर्धा, गुणिले वेळेचा वर्ग. त्वरण ९.८ धरलं की झालं, असं मला वाटलं.

आप्पांनी दगडाला साफ नकार दिला. "गाळ काढताना दगडंच निघतेत. ढेकूळ टाका." काळ्या रानातलं वाळलेलं, मुठीएवढं ढेकूळ दगडासारखंच कडक असतं आणि पाण्यात विरघळून जातं. मग ढेकळंच टाकली. लेक कठड्यापासून हात लांब करून सोडायची. तिच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक आप्पांनी धरलं होतं. मी मोबाईलवर स्टॉपवॉच दाबायची.

पाच वेळा केलं. सगळ्यात कमी १.८४ सेकंद आले, सगळ्यात जास्त २.३०. फरक अर्ध्या सेकंदाचाही नाही, म्हणून मी निर्धास्त होते. हिशेब मांडला तर पहिल्याचे १६.६ मीटर झाले आणि दुसऱ्याचे २५.९. म्हणजे ५४ फूट की ८५ फूट? वीस फुटी पाइप घेणाऱ्याला या उत्तराचा काय उपयोग?

सूत्रात चूक नव्हती. चूक माझ्या अंगठ्यात होती. वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर. वेळेचा वर्ग म्हणजे काय, ते मला त्या कठड्यावर खरं कळलं. दोन सेकंदांनी ढेकूळ ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगानं जात असतं, त्यामुळे तिथं एक दशांश सेकंद हुकला की जवळपास दोन मीटर हुकतात. आणि डोळ्यानं पाहून बोट दाबायचं, मग कानानं ऐकून पुन्हा दाबायचं, यात एवढा वेळ सहज इकडेतिकडे होतो. विहीर जितकी खोल, तितकी तीच चूक महागात पडते.

मग लेकीला शाळेत दाखवलेलं फायफॉक्स आठवलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं हे मोफत ॲप. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला सुरू, दुसऱ्याला बंद. पाण्यावर पडल्याचा आवाज होतोच, पण सुटल्याचा आवाज कुठून आणायचा? कठड्यावरून बाहेर येईल अशी एक लाकडी पट्टी ठेवली, तिच्या टोकावर ढेकूळ. हातोडीनं पट्टीला आडवा फटका मारला की पट्टी निसटते, ढेकूळ सरळ खाली जातं, आणि फटक्याच्या आवाजानंच घड्याळ सुरू होतं. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, कारण लिंबावरचे कावळे ओरडले की घड्याळ थांबायचं. त्यानंतर आकडे आले १.९९, २.००, १.९८, २.०१, १.९९. सरासरी १.९९. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

दोन गोष्टी अजून उरल्या होत्या. पहिली, गुरुत्व त्वरण सगळीकडे सारखं नसतं. ध्रुवांवर ते ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८ आहे. सोलापूरही ९.७८च्या जवळच येतं. पण याचा फरक आमच्या विहिरीत चारच सेंटिमीटर. दुसरी गोष्ट मोठी. पाण्याचा आवाज वर यायलाही वेळ लागतो. त्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. आधी सरळ हिशेब केला, तर १९.४ मीटर. एवढं अंतर यायला आवाजाला ०.०५५ सेकंद. ते १.९९ मधून वजा केले आणि पुन्हा मांडलं, तर १८.३. आणखी एकदा तसंच केलं, तर १८.४ मीटरच्या आत स्थिरावलं. म्हणजे ६० फूट. आवाज विसरलो असतो तर तीन फूट जास्त धरले असते.

संध्याकाळी सोल आला. टोकाला लोखंडी वजन बांधून त्याच पट्टीच्या जागेवरून सोडला. पाण्याला टेकला तिथं गाठ मारली, वर काढून टेपनं मोजलं: ५९ फूट. एक फूट कमी का? लेक रात्री जेवताना यावरच बोलत होती. ढेकळाला हवा अडवते, त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ लागतो आणि सूत्र त्या जादा वेळेचीही खोली धरतं. म्हणून या पद्धतीचं उत्तर खऱ्यापेक्षा थोडं जास्तच येणार. हे तिचं तिनं शोधलं, आणि मला सोलाच्या आकड्यापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

सोल आणखी खाली सोडला तर नऊ फुटांवर तळ लागला. एकूण ६८ फूट. बारा परूसांनी भागलं तर एक परूस पाच फूट आठ इंचांचा येतो. आप्पा म्हणाले, "आमचे आण्णा तेवढेच उंच."

लेकीनं स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवला. १.८ सेकंद म्हणजे ५० फूट, १.९ म्हणजे ५५, २.० म्हणजे ६१, २.१ म्हणजे ६७. खाली बारीक अक्षरात, 'यातून एक फूट वजा करा.'

हस्ताचा पाऊस चांगला झाल्यावर सकाळी आप्पांचा फोन आला. ना राम राम, ना चहा झाला का. "एक पूर्णांक एकाहत्तर," एवढंच म्हणाले. मी कागदावर हिशेब मांडला. पंचेचाळीस, वजा एक.

"आप्पा, चव्वेचाळीस. पंधरा फूट पाणी चढलंय."